तीन स्वेटर आणि मलावी

वैष्णवीला कोणत्या देशात पाठवणार हे कळायला अजून तीन दिवस होते, आणि तिचा सत्कार मात्र होऊन गेला होता. असलं उफराटं काम मारेगावातच व्हायचं, आणि मारेगावातही पुंडलिकराव गौरकारांच्याच दारात. वैष्णवीनं बापाला परोपरीनं सांगून पाहिलं, की दिल्लीच्या त्या संस्थेनं आपल्याला स्वयंसेवक नर्स म्हणून निवडलंय हे खरं, दोन वर्षं परदेशी पाठवणार हेही खरं, पण देश कोणता ते बुधवारी कळणार आहे, तोवर दम धरा. दम धरतील तर ते पुंडलिकराव कसले! त्यांचं तर्कट वेगळंच. दसरा झाला की कापसाची वेचणी लागते, आणि एकदा वेचणी लागली की टाळ्या वाजवायला माणूस मिळत नाही. तेव्हा देश मागून कळला तरी चालेल, टाळ्या आधी वाजल्या पाहिजेत.

झालं. रविवारी दारात मंडप पडला. बसस्टँडजवळ नेट कॅफे चालवणारा शाहिद लग्नाच्या पत्रिका आणि फ्लेक्सही करून द्यायचा. डिझाइन इथं करायचा आणि छापून यवतमाळहून आणायचा. त्यानं बिचाऱ्यानं आपलं सरळ विचारलं, "काकाजी, देशाचं नाव काय टाकू?"

"थे बुधवारी येनार हाय. तू मांगं बर्फ टाक."

"बर्फ?"

"बर्फ सगळ्याच परदेशात असते बे!"

तर असं ते फ्लेक्स. मागं बर्फाचे डोंगर, डोंगरापुढं उंच उंच बिल्डिंगा, आणि एक विमान थेट बर्फात तोंड खुपसायला निघालेलं. वर फेटा बांधलेले पुंडलिकराव, सुपाएवढे. खाली अकरा शुभेच्छुक. जिचा सत्कार तिचा फोटो कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा, तोही तिच्या बारावीच्या परीक्षेच्या अर्जावरचा. आता बोला!

पाहुणे फुलसिंग राठोड. ते पूर्वी कधी तरी पंचायत समितीचे सभापती होते आणि अजूनही लेटरहेड बाळगून होते. त्यांनी शाल दिली, नारळ दिला, आणि पाऊण तास स्वतःबद्दल बोलले. मग पुंडलिकरावांनी माईक धरला. माईक म्हटला की त्यांच्या अंगात यायचं.

"माही पोरगी जगाच्या पाठीवर कुठीही जाईन!" त्यांनी हात वर करून सांगितलं. "जिथी दुःख असन, तिथी माही वैष्णवी जाईन! गौरकाराची अवलाद माघार घेनारी नाही!"

टाळ्या कडाडल्या. वैष्णवी खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होती आणि एकेक शब्द मनात गाठ मारून ठेवत होती. बापाचे शब्द असे गाठ मारून ठेवावेच लागतात, हे ती सत्तावीस वर्षांच्या अनुभवानं शिकली होती.

सत्कारात शाल-नारळाशिवाय स्वेटरही आले. एक आईनं, म्हणजे बेबीताईनं विणलेला. एक घाटंजीच्या इंदुआत्यानं आणलेला, दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या असल्यासारखा. एक फुलसिंगांच्या बायकोचा, लालीबाईचा, आणि त्याच्यावर तिच्याचकडून माकडटोपी. "तिकडं लय थंडी, बाई," म्हणून तिनं ती टोपी भर मंडपात, ऑक्टोबरच्या उकाड्यात वैष्णवीच्या डोक्यात घातली, आणि फोटो निघेपर्यंत काढू दिली नाही.

एवढं सगळं हसण्यावारी नेलं तरी वैष्णवीला जायचं होतं, जिवाच्या आकांतानं जायचं होतं. का, ते कोणी विचारलंच नव्हतं. सगळे म्हणत, पोरीला विमानात बसायचंय. विमान गेलं खड्ड्यात! खरी गोष्ट अशी की गेली दोन-तीन वर्षं कापसानं जिल्ह्याची जी गत केली, तिच्यानं यवतमाळचं नाव झालं होतं, आणि गावात रोज कोणाची तरी गाडी यायची. कोणी दिल्लीहून यायचं, कोणी मुंबईहून, कोणी गोरं. प्रत्येक जण काही तरी द्यायला यायचा. कोणी सल्ला द्यायचा, कोणी रोपटं, कोणी मन आनंदी कसं ठेवावं याचं रंगीत पुस्तक. वैष्णवी ग्रामीण रुग्णालयात नर्स, म्हणून तिच्याही हातात असाच एक फॉर्म पडला होता. घरोघर जायचं आणि विचारायचं, तुम्हाला जगावंसं वाटतं का? होय किंवा नाही. शेजारची नलूकाकू चुलीपुढून न उठताच म्हणाली होती, "काहून वं, कधी कधीचा रकाना नाही का?"

त्या दिवशी वैष्णवी घरी येऊन रडली. दुःखानं नव्हे, संतापानं. या जिल्ह्याला जो तो देऊनच राह्यला. इथल्या माणसाजवळही देण्यासारखं काही असेल, असं एकाच्याही डोक्यात येत नाही. तिनं चार वर्षांत सहाशेवर बाळंतपणं केली होती. लाइट गेलेली असताना केली, डॉक्टर नसताना केली. दिल्लीवाल्यांनी मुलाखतीत तेवढंच विचारलं, आणि म्हणाले, तुमची आम्हाला गरज आहे. गरज आहे! हा शब्द तिला जन्मात कोणी म्हटला नव्हता.

बुधवारी दुपारी ती शाहिदच्या कॅफेत गेली. मागोमाग पुंडलिकराव, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, काखेत छत्री मारून. तीन कॉम्प्युटर, त्यातला एक बंद, एकावर एक पोरगं पत्ते खेळत होतं. तिसऱ्यावर मेल उघडला. वैष्णवी इंग्रजी वाचून मराठीत सांगत गेली.

"देश मलावी. जिल्हा चिकवावा. आरोग्य केंद्रात बाळंतपणाचा विभाग. नदीकाठचा सखल मुलूख, हवा अतिशय उष्ण." ती थांबली. "मुख्य पीक कापूस."

पुंडलिकरावांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, घातला, आणि जणू चष्म्यानं काही फरक पडणार आहे अशा आशेनं पडद्याकडं पाहिलं.

"हे अमेरिकेच्या कोन्त्या अंगाले येते?"

"आफ्रिकेत येते, बाबा."

"आन् तिथी कापूस?"

"हो."

"मंग इथचा कापूस का वाईट होता?"

शाहिद तोंडावर हात ठेवून दुसरीकडं पाहू लागला. वैष्णवीला मात्र आतून आनंदाची उकळी फुटली होती. कापसाचा मुलूख, उन्हाचा मुलूख, लाइट नसलेलं बाळंतपण! हे तर तिचंच काम होतं. मेलच्या शेवटी एकच अट होती. घरच्यांच्या संमतीची सही शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या नर्सला जाईल.

"सही करजा, बाबा," ती म्हणाली.

"थांब. शाह्या, त्या देशाचे फोटो काढ."

शाहिदनं काढले. आणि व्हायचं तेच झालं. भेगा पडलेली जमीन. बरगड्या मोजता येतील अशी लेकरं. भांडी घेऊन रांगेत उभ्या बाया. एक म्हातारा, झाडाखाली डोकं धरून बसलेला. पुंडलिकराव एकेक फोटो पाहत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. म्हाताऱ्यापाशी ते थांबले.

"पाह्य, कसा बसला हाय! हा मानूस का उद्याचा दिवस पाहीन? असल्या मुलखात म्या पोरगी धाडू? सही होनार नाही."

"रविवारी माईकवर तुम्हीच बोलले ना, जिथी दुःख असन तिथी!"

"थे भाषन होतं वं!" पुंडलिकराव कळवळून म्हणाले, आणि छत्री विसरून निघून गेले.

गुरुवारचा दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. बेबीताई तेवढी भांड्यांशी बोलत होती, म्हणजे नवऱ्याशीच. "माईक दिसला का जीभ सुटते, आन् सहीची वेळ आली का हात लुळा पडते. लोकाच्या पोरी शिकून घरी बसल्या तं हे लोकाले नावं ठेवते." पुंडलिकराव ओसरीवर पाठ करून बसले होते. वैष्णवी तिन्ही स्वेटर घडी करून ट्रंकेत टाकत होती आणि मनातल्या मनात बापाशी भांडत होती. बाप वाईट असता तर सोपं होतं. सही त्यांच्या नाकावर टिच्चून आईची घेतली असती. पण हाच माणूस तिला नर्सिंगला घालताना सगळ्या भावकीशी भांडला होता. त्याला रडवून, तोंड चुकवून विमानात बसायचं, हे तिच्यानं होणारं नव्हतं. त्याची सही हवी होती, आणि ती त्यानं आपणहून द्यायला हवी होती. आणि हातात उरला होता एक दिवस.

शुक्रवारी सकाळी शाहिदचा फोन आला. "ताई, लवकर या. काकाजी आन् सभापतीसाहेब इथी बसून हायेत. तुमच्या बदलीचा अर्ज लिहून राह्यले."

"कायचा अर्ज?"

"बदलीचा!"

ती धावतच गेली. पाहते तर काय, फुलसिंग आपलं लेटरहेड टेबलावर पसरून, डोळे मिटून मजकूर सांगताहेत आणि शाहिद बिचारा टाइप करतोय: 'विषय: सोयीच्या ठिकाणी नेमणूक मिळणेबाबत. महोदय, सदर मुलगी शेतकरी कुटुंबातील असून मलावी हे ठिकाण तिला येण्याजाण्यास गैरसोयीचे आहे. तरी तिची बदली लंडन येथे, अथवा जागा रिक्त नसल्यास लंडनच्या आजूबाजूला करण्यात यावी, ही नम्र विनंती.'

"वैष्णवी, तू फिकीर करू नको," फुलसिंग म्हणाले. "म्या आजवर चाळीस मास्तर अन् सात ग्रामसेवक इकडचे तिकडं केले. पुसदचा मानूस एका कागदावर मारेगावले आनला. लंडनचं का घेऊन बसली!"

आता रडावं की हसावं! वैष्णवीनं खुर्ची ओढली आणि शाहिदच्या बाजूला बसली.

"पाठवा अर्ज," ती म्हणाली. "पण एक सांगा, काका. अर्ज वाचून लंडनचा सायेब काय करन? आपल्यासारखंच करन ना? ही पोरगी कुठची, म्हणून आपलं गाव कॉम्प्युटरवर पाहीन."

"पाहू दे ना," पुंडलिकराव म्हणाले. "आपल्या गावाले का झालं? बाजार हाय, कॉलेज हाय."

"शाहिदभाऊ, टाका. यवतमाळ. कापूस. शेतकरी. इंग्रजीत."

शाहिदनं टाकलं. आणि पडद्यावर यवतमाळ आलं. भेगा पडलेली जमीन आली. कापसाची वाळलेली पऱ्हाटी आली. पांढऱ्या कपाळाच्या बाया आल्या, हातात हार घातलेले फोटो धरून. पाणी भरायची रांग आली. पुंडलिकराव पुढं सरकले, मागं सरकले. "हे कोन्तं गाव हाय? बाजार कुठी हाय? कॉलेजचा फोटो काहून नाही टाकला?"

"माहा बी कुठी दिसत नाही," फुलसिंग चष्मा सरसावून म्हणाले.

"आन् हा एक मोठा हाय," म्हणत शाहिदनं शेवटच्या फोटोवर माऊस दाबला. नेटला वेग कसला! फोटो वरून खाली, पट्टी पट्टी करत उतरू लागला. आधी आभाळ आलं. मग मार्केट यार्डाचं पत्र्याचं शेड. मग बैलबंडीवर लादलेल्या कापसाचा ढीग. मग एक दुपट्टा, डोक्याला गुंडाळलेला, निळ्या काठाचा.

"हा दुपट्टा..." शाहिद म्हणाला.

मग कपाळ उतरलं, मग मिटत आलेले दोन डोळे, आणि मग गालाला घट्ट लावलेला एक हात. बंडीच्या जुवाशी उकिडवे बसलेले, सगळ्या जगाचं ओझं एका गालावर पेलणारे, खुद्द पुंडलिकराव गौरकार!

इथं मागची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गेल्या हिवाळ्यात पुंडलिकरावांची दाढ दुखत होती. साधी दुखत नव्हती, ठणकत होती. अशा अवस्थेत ते कापूस घेऊन यार्डात रांगेला बसले असताना एक शहरातला फोटोवाला आला, बारा खिशांचं जाकीट घातलेला. त्यानं फोटो काढले आणि हळू आवाजात विचारलं, "बाबा, जेवलात का?" पुंडलिकरावांनी खरं ते सांगितलं, की दोन दिस झाले, घास घशाखाली गेला नाही. फोटोवाल्याचे डोळे भरून आले. त्यानं बिस्किटाचा पुडा हातात कोंबला आणि बोलवेना म्हणून निघून गेला. बिस्किटं चावता येत नव्हती, म्हणून ती घरी आली. चार दिवसांनी वणीला दाढ उपटली, आणि मग पंधरा दिवस पुंडलिकराव रोज सगळे पेपर चाळत होते, आपला फोटो कधी छापून येतो म्हणून. आला नाही. "जळते साले माह्यावर," असा निकाल त्यांनी दिला आणि विषय मिटला. तो हा फोटो. पेपरात नव्हता आला, जगात गेला होता.

पुंडलिकरावांचा चेहरा आधी फुलला. फुलणारच! केवढा मोठा फोटो, केवढा रंगीत. "पाह्यलं का सभापती? म्या म्हनत नव्हतो? खाली का लिवलं हाय, वाच वं वैष्णवी."

वैष्णवीनं वाचलं. "सगळी आशा सोडून दिलेला शेतकरी. दोन दिवसांपासून हा उपाशी आहे. बिस्किटाचा पुडा पाहून त्याला बोलता आलं नाही. यवतमाळ, भारत."

परवाचं पत्ते खेळणारं पोरगं आजही होतं, तेही वळून पाहू लागलं.

"कोन उपाशी?" पुंडलिकरावांचा आवाज चढला. "म्या उपाशी? माह्या घरी तीन पायल्या तूर होती! आशा कायची सोडली? कोनं सोडली? अबे, माही दाढ दुखत होती! बेबीले इचारा, वणीच्या डॉक्टरले इचारा! दाढ अजून डबीत ठेवली हाय म्या!" ते उभे राहिले, टेबलावर थाप मारली. "हे का मानसं हायेत? मानूस गाल धरून बसला तं आधी इचारावं ना, बाप्पा तुले होते काय!"

"मंग बाबा," वैष्णवी हळूच म्हणाली, "परवा तुम्ही पाह्यला, तो मलावीचा म्हातारा. झाडाखाली डोकं धरून बसला होता."

"त्याचं का?"

"त्याची बी दाढच दुखत असन."

पुंडलिकरावांनी उभ्या उभ्याच पडद्याकडं पाहिलं. तिथून त्यांचाच फोटो गाल धरून त्यांच्याकडं पाहत होता. मग ते खुर्चीत बसले, खिशातून सत्कारात मिळालेला पेन काढला, आणि कागदासाठी हात पुढं केला. वैष्णवीनं पर्समधून बुधवारीच छापून घेतलेला संमतीचा कागद काढून दिला. गेल्या दोन दिवसांत त्याला घामाचे डाग पडले होते. पुंडलिकरावांनी सही केली, नेहमीसारखी, खाली दोन रेघा ओढून.

"आन् अर्जाचं कसं करता?" फुलसिंगांनी लेटरहेड हलवून विचारलं.

"त्याच्यावर तुमचीच बदली मागा," पुंडलिकराव म्हणाले. "शाह्या, त्या फ्लेक्सवरचा बर्फ पुसता येते का? पुस. तिथी कापूस टाक, चांगला फुटलेला. आन् देशाचं नाव टाक."

शाहिद सही स्कॅन करायला लागला. वैष्णवीला हसू येत होतं आणि डोळेही पुसायचे होते. तिनं दोन्ही करून घेतलं. बाप लेकीकडं न पाहता, पडद्यावरच्या स्वतःकडं पाहत बोलला.

"जाय. चांगली जाय. पन एक ध्यानात ठेवजो, वैष्णवी. तिथी कोनी गाल धरून बसला दिसला, तं बिस्किटाचा पुडा काढू नको. आधी त्याले तोंड उघडाले लावजो."